निजामाचे तिकीट आणि माझा मेल सर्व्हर

#धागा

हैदराबाद संस्थानाची टपाल तिकिटे दाखवून ‘पाहा, निजाम किती स्वतंत्र होता’ असे सांगणारे धागे अधूनमधून फिरतात. तिकिटे देखणी आहेत, यात वाद नाही. १९३१च्या मालिकेत चारमिनारच्या जोडीला अजिंठ्याचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मनोराही आहे. निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे.

१८६९पासून संस्थानाची स्वतःची तिकिटे होती. पण ती चालत केवळ संस्थानाच्या हद्दीत. तुळजापूरहून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला पत्र निजामाच्या तिकिटावर जाई. पंचेचाळीस किलोमीटरवरचे सोलापूर मात्र ब्रिटिश मुलूख. तेथे पत्र धाडायचे तर तिकीट इंग्रजांचे. ग्वाल्हेर, पतियाळा यांनी टपाल करार केला होता. त्यांची तिकिटे म्हणजे इंग्रजांच्याच तिकिटांवर संस्थानाच्या नावाचा छाप. पण त्यांवरचे पत्र ब्रिटिश हिंदुस्थानातही पोहोचे. मग स्वतंत्र कोण?

हा प्रश्न मला आज छळतो, त्याचे कारण ईमेल. मी स्वतःच्या डोमेनवर ईमेल चालवतो. येणारी डाक एका कंपनीकडे उतरते आणि तेथून धाराशिवच्या घरातील जुन्या संगणकावर येऊन साठते. जाणारी डाक दुसऱ्याच कंपनीमार्फत जाते. यावर जाणकार मित्र हसतात : ‘पाठवायला दुसरा लागतो, मग सर्व्हर तुझा कसला?’

ही निजामभक्तांचीच चूक, फक्त उलट्या बाजूने. दोघेही छाप्याला सत्ता समजतात.

ईमेलमध्ये येणे आणि जाणे हे मुळातच दोन वेगळे व्यवहार आहेत. पत्र कोठे उतरवायचे ते डोमेनची एमएक्स नोंद सांगते; माझ्या नावाने पत्र कोणी पाठवावे ते एसपीएफ नोंद सांगते. दोन्ही नोंदी माझ्या हाती. घरगुती इंटरनेट जोडणीवरून थेट पाठवून पाहिले होते. एक तर पंचवीस क्रमांकाचे पोर्टच बंद, आणि जे थोडे सुटले ते स्पॅममध्ये गडप. मोठ्या कंपन्या अनोळखी आयपी पत्त्याला दारात उभे करत नाहीत. सोलापूरच्या नाक्यावर निजामाच्या तिकिटाची हीच गत होती.

जाणारे प्रत्येक पत्र त्या मध्यस्थ कंपनीच्या हातून जाते आणि ती ते वाचू शकते, हे मान्य. पण तुळजापूरच्या रयतेला तिसरी टपालसेवा निवडण्याची सोय नव्हती. मला आहे.

आणि आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत. पत्रव्यवहार हे आपले साधन. पेशवे दफ्तर शिल्लक राहिले म्हणून आपण प्रबंध लिहितो. स्वतःची पत्रे मात्र अशा खात्यात ठेवतो, जे कोणीही कारण न सांगता बंद करू शकतो. उत्तर पाठवायला इंग्रजांचे तिकीट लावावे लागले तरी चालेल, दफ्तर आपल्या घरी हवे.

गेल्या वर्षी मी पाठवणारी कंपनी बदलली. एका नोंदीतील एक ओळ, अर्ध्या तासाचे काम. पत्ता तोच राहिला; माझ्या मार्गदर्शकांना कळलेही नाही.