फायबरचे पत्रे व त्यांचे खरे बळ

गोठ्यावर किंवा खळ्यावरील छपरावर घालण्यास अलीकडे फायबरचे पत्रे पुष्कळ खपू लागले आहेत. विकणारा ‘लोखंडाहून मजबूत’ असे सांगतो आणि घेणारा मान डोलावितो. हे म्हणणे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. व अपुऱ्या माहितीवर छप्पर उभारणे धोक्याचे होय. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करिताना वादळानंतरचे पंचनामे पुष्कळ लिहिले आहेत. त्या अनुभवावरून चार शब्द वाचकांपुढे ठेवितो.

हा पदार्थ समजून घेण्यास मुलचेऱ्याच्या शेतकऱ्यास बांबूसारखा दुसरा गुरू नाही. बांबू लांबीच्या दिशेने कितीही ओढा, सहसा तुटत नाही. पण शेंड्यावर कोयत्याचा एक घाव बसताच उभा चिरतो. कारण त्याचे चिवट तंतू उभे असून त्यांना जोडणारा गर त्या मानाने दुबळा असतो. फायबरमध्ये वितळलेल्या काचेपासून ओढलेले, केसाहूनही बारीक तंतू पॉलिएस्टरसारख्या राळेत बसविलेले असतात. ताण काच सोसते. राळ तंतूंस धरून ठेविते व एकाचा भार दुसऱ्यावर पोचविते.

तेव्हा बळाचा प्रश्न तंतूंच्या दिशेचा व प्रमाणाचा आहे. सर्व तंतू एकाच दिशेने बसविलेला चांगला दांडा त्या दिशेने चौरस मिलिमीटरास ७० किलोग्रॅमहून अधिक ताण सोसतो. साधे पोलाद सुमारे २५ किलोग्रॅमवरच कायमचे लांबू लागते. परंतु तुकडे केलेले तंतू वाटेल तसे पसरून केलेल्या चटईचा पत्रा सुमारे १० किलोग्रॅमवरच तुटतो. नाव एकच, बळ सातपट निराळे! शिवाय पोलाद मोडण्यापूर्वी वाकून इशारा देते. फायबर एकाएकी फुटते. ताठपणा तर उत्तम दांड्यातही पोलादाच्या पंचमांशाच्या आसपासच असतो.

म्हणून हा पदार्थ टाकाऊ ठरत नाही. तो गंजत नाही व वजनास पोलादाच्या चौथ्या हिश्शाइतका असतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांची पाती व कोकणातील कित्येक मच्छीमार होड्या याच्याच आहेत. तेथे तंतू कोठे व कसे घालावयाचे हे आधी हिशेबाने ठरविलेले असते. आपल्या बाजारात तो हिशेब कोणी विचारीत नाही.

पंचनाम्याच्या वेळी पाहिलेले बहुतेक पत्रे मध्ये फुटलेले नव्हते. खिळ्यांच्या छिद्रांपाशी फाटले होते. छिद्र पाडताना तंतू तुटतात आणि वाऱ्याचा सारा ओढा तेथेच एकवटतो. उन्हाने वरची राळ झिजून तंतू उघडे पडले की पावसाचे पाणी आत शिरते व पत्रा आणखी दुबळा होतो. अशाच एका जुन्या पत्र्यावर पाला काढण्यास चढलेला गडी पत्र्यासह खाली आला. त्याच्या कमरेचे हाड मोडले. तो पुन्हा नांगरास लागला नाही. पंचनाम्यात पत्र्याची किंमत लिहिण्यास रकाना होता, त्याच्या कमरेस नव्हता.

माझे मत असे की, संस्थेने सभासदांकरिता एकत्र खरेदी करावी आणि काचेचे प्रमाण, जाडी व ऊनप्रतिबंधक थर यांचा चाचणीचा दाखला लेखी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. सभासदांनीही आडवे आधार जवळ जवळ द्यावेत. खिळा न ठोकता गिरमिटाने छिद्र पाडून रुंद वॉशर घालावा. पत्र्यावर पाय न देता आधारांवर फळी टाकून चालावे. तंतू दिसू लागताच पत्रा बदलावा. कापताना नाकातोंडास फडके बांधावे व तुकडे शेतात जाळू नयेत.

सातबारा वाचल्यावाचून आपण जमीन घेत नाही. ज्या छपराखाली आपली माणसे व गुरे राहावयाची, त्याचा दाखला वाचण्यास आळस का करावा?