परसबाग : वालाची पेरणी

वालाचा वेल भाद्रपदांत फुलला नाहीं, म्हणजे तो वांझ ठरवून उपटण्याची घाई पुष्कळ घरीं होते. आमच्या मतें हा वेलावर अन्याय आहे. जुन्या वेली जातींस फुलण्यासाठीं लहान दिवस व मोठी रात्र लागते. ज्येष्ठांत टोकलेला वेल पावसाळाभर नुसता पसरतो व मार्गशीर्षाच्या सुमारास शेंगा धरतो. त्यास मांडव द्यावा व दोन-तीन हातांवर एकच रोप राखावें. उलट, कोंकणांत भातकापणीनंतर जमिनींतील ओलाव्यावर पेरलेला वाल ठेंगणा राहून लवकर फुलतो. तो वीत-दीड वीत अंतरानें दाटच पेरावा, नाहींतर जागा फुकट जाते. सारांश, पेरणीचा महिनाच अंतर ठरवितो. वाचकभगिनींनीं वेल उपटण्यापूर्वीं तो कोणत्या महिन्यांत टोकला होता, हें एकदां आठवावें.