आधी कोणाचं नाव घ्यायचं?



या अंकाची बैठक नेहमीसारखी झाली नाही. गाझाबद्दल संपादकीय लिहावं असं मी सुचवलं आणि चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. एकीचं म्हणणं, १९४८ पासून सुरुवात कर, नाहीतर लिहूच नकोस. दुसरीचं म्हणणं, ७ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या बायकांवर जे झालं त्याबद्दल आपण गप्प का बसलो ते आधी सांग. वस्तीत बचतगट चालवणारी आमची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "नळाला चार दिवस पाणी नाही, त्यावर कधी लिहिणार?"

तिघींचंही मला पटत होतं, हीच माझी पंचाईत.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला केसपेपर भरायला शिकवलं. नाव, वय, पत्ता आणि मग कुटुंबातल्या माणसांचा तक्ता. कितीही मोडलेलं घर असो, त्या तक्त्यात एखादं नाव सापडतंच. आत्या, दूरची मावशी, काही नाही तर आजी. त्या नावाला धरून पुढचं काम उभं राहतं. २०२३ च्या युद्धात गाझातल्या डॉक्टरांना मुलांच्या नोंदीसाठी एक नवी खूण वापरावी लागली: डब्ल्यूसीएनएसएफ. जखमी मूल, कुटुंबातलं कोणी हयात नाही. हे वाचलं त्या दिवशी हातातला केसपेपर मला पुरा करता आला नाही. एखाद्या मुलाबद्दल असं लिहावं लागणं वेगळं. त्यासाठी आद्याक्षरं ठरवावी लागतात, म्हणजे अशी मुलं किती येत असतील?

युद्ध सुरू झालं तेव्हा गाझात सुमारे पन्नास हजार गरोदर बायका होत्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. त्यांची बाळंतपणं तंबूत झाली, बॉम्बहल्ल्यांत मोडलेल्या इस्पितळांत झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला तोवर गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या हिशेबाने ६७ हजारांहून अधिक माणसं मारली गेली होती. त्यानंतरही मरणं थांबली नाहीत.

आणि ७ ऑक्टोबर? हमास आणि इतर सशस्त्र गटांनी त्या दिवशी सुमारे बाराशे माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी मार्च २०२४ च्या अहवालात म्हटलं की, अनेक ठिकाणी बलात्कार झाले असं मानायला पुरेसा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशी आयोगाने मार्च २०२५ मध्ये इस्रायली दलांनी पॅलेस्टिनी स्त्री-पुरुषांवर केलेल्या लैंगिक हिंसेची नोंद केली. मथुरा प्रकरणापासून 'बाईचं खरं माना' म्हणत आलेल्या चळवळीतल्या आपण. बाई कोणत्या बाजूची आहे हे पाहून तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू लागलो, तर मग आपल्यात आणि ठाण्यातल्या हवालदारात फरक काय राहिला?

पण इथेच मला आणखी एक सांगायचं आहे. मार खाऊन आलेल्या बाईला ठाण्यात, सासरी, माहेरी सगळीकडे एकच वाक्य ऐकवतात, टाळी एका हाताने वाजत नाही. आपण ते कधीच मानलं नाही. दुःख दोन्हीकडे असतं, सत्ता दोन्हीकडे सारखी नसते. ज्याच्या हातात सरहद्द, पाणी, वीज आणि आकाश आहे, त्याची जबाबदारी मोठी. १९६७ पासूनचा ताबा म्हणजे दोन शेजाऱ्यांचं भांडण नव्हे. हे म्हणताना मारल्या गेलेल्या इस्रायली आजीचं नाव गाळायची मला गरज वाटत नाही.

त्या आजीचं नाव व्हिव्हियन सिल्व्हर. वय ७४, बेएरी किबुत्झची रहिवासी. नेगेवमधल्या बेदुइन स्त्रियांबरोबर तिने वर्षानुवर्षं काम केलं. गाझातल्या रुग्णांना ती स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या इस्पितळांत पोचवत असे. २०१४ मध्ये उभ्या राहिलेल्या 'विमेन वेज पीस' या संघटनेच्या संस्थापकांपैकी ती एक. ४ ऑक्टोबर २०२३ ला याच संघटनेच्या इस्रायली बायका आणि 'विमेन ऑफ द सन'च्या पॅलेस्टिनी बायका शांततेची मागणी करत एकत्र चालल्या. तीन दिवसांनी व्हिव्हियन मारली गेली. महिनाभर सगळ्यांना वाटत होतं, तिला ओलीस नेलंय. नोव्हेंबरात अवशेषांची ओळख पटली. पुढे 'विमेन ऑफ द सन'च्या गाझातल्या सदस्याही बॉम्बहल्ल्यांत गेल्या. व्हिव्हियनचा मुलगा माझ्याच पेशातला, समाजकार्यकर्ता. त्याने सूडाची भाषा जाहीरपणे नाकारली आणि नोकरी सोडून आईचं काम हाती घेतलं. मी त्याच्या जागी असते तर? खरं सांगते, मला खात्री नाही.

हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. अलिबागकडे एका घरभेटीत एक बेने इस्रायली आजी भेटल्या. १९४८ नंतर त्यांच्यातली हजारो माणसं कोकण-मुंबई सोडून तिकडे गेली. आजींची धाकटी बहीण लोद गावात असते. फोनवर दोघी मराठीतच बोलतात, भोंगा वाजला की बहीण मध्येच फोन ठेवते. याच लोदमधून जुलै १९४८ मध्ये हजारो अरबांना हाकलून दिलं होतं. मी ते बोलून गेले. आजी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आम्हाला नुसतं घर मिळालं म्हणून सांगितलं होतं गं." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

जानेवारी १९८८ मध्ये जेरुसलेमच्या चौकात काही इस्रायली बायका काळे कपडे घालून, 'ताबा संपवा' अशा पाट्या घेऊन मुकाट्याने उभ्या राहिल्या. मग दर शुक्रवारी दुपारी तासभर. येणारे-जाणारे त्यांना वेश्या म्हणायचे, देशद्रोही म्हणायचे. तिथून हे उभं राहणं बेलग्रेडला गेलं, आपल्याकडे बंगळूरच्या 'विमोचना'च्या बायकांनीही ते केलं.

पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी आमचा गटही बसस्टँडसमोर तासभर उभा राहणार आहे. काळं कापड आणून झालंय. पाट्यांवर काय लिहायचं यावर अजून एकमत नाही, भांडण चालूच आहे. तुम्हाला सुचलं तर कळवा. पाण्याचा मोर्चा आदल्या दिवशी, गुरुवारी आहे. त्यालाही या.