पिन ओरडून सांगायचा आणि घाबरायचं फोनला?

परवा बाबांसोबत हॉटेलात जेवायला गेलो होतो. बिल आलं, मी फोन अनलॉक करून मशीनला टेकवला. टिंग! काम झालं. बाबा मात्र अस्वस्थ. 'मोबाइलमध्ये कार्ड ठेवतोस? कुणी नंबर चोरला म्हणजे?' गंमत म्हणजे हेच बाबा आजवर वेटरच्या हातात कार्ड देऊन वर चारचौघांत पिन सांगत आलेत!

खरं तर आपलंही तसंच आहे. धोका असतो तिथे बिनधास्त आणि नसतो तिथे टेन्शन.

फोन टॅप केल्यावर होतं काय? फोनमध्ये कार्ड अॅड करताना त्याच्या खऱ्या नंबरऐवजी दुसराच नंबर तयार होतो. त्याला म्हणतात टोकन. दुकानातल्या मशीनकडे जातं ते हे टोकन आणि त्या व्यवहारापुरता, एकदाच चालणारा कोड. मधे कुणी ते टिपलं, तरी पुन्हा वापरता येत नाही. फोन हरवला तर टोकन बंद करता येतं, कार्ड बदलावं लागत नाही.

याउलट प्लास्टिकचं टॅप कार्ड ५ हजार रुपयांपर्यंत पिन विचारत नाही. ते रस्त्यात पडलं तर ज्याला सापडेल त्याची चंगळ! फोनला निदान लॉक तरी असतं.

ऑनलाइन खरेदीतही रिझर्व्ह बँकेने हाच मार्ग धरला. १ ऑक्टोबर २०२२ पासून शॉपिंग साइट्सना आपला कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्यांनाही टोकनच वापरावं लागतं.

म्हणून सगळं सेफ? नाही! टोकन आपल्या भोळेपणाला आवर घालू शकत नाही. कार्ड नंबर आणि ओटीपी दोन्ही दिले, तर भामटा आपलं कार्ड स्वतःच्या फोनमध्ये अॅड करू शकतो. मग टोकन त्याचं आणि पैसे आपले! ओटीपीचा मेसेज नुसता आकड्यांसाठी बघू नका, तो कशासाठी आलाय ते वाचा.

आणि हो, हे घरीही सांगा. आई-बाबांना 'तुम्हाला नाही कळणार' म्हणून उडवून लावणं सोपं असतं. पण भामट्याचा फोन त्यांनाच येतो, आणि तेव्हा आपण कॉलेजात असतो.