नाक दाबून तहान भागत नाही

जेवताना कुरकुर करणारी मुले घरोघरी असतात. परंतु पाणी, दूध, ताक यांपैकी काहीच तोंडी न घेणारे मूल असू शकते, हे पुष्कळांना पटत नाही. ‘तहान लागली की पिईल’ असे सांगून आप्तेष्ट मोकळे होतात आणि दोष मात्र आईच्या पदरी पडतो. दहा किलो वजनाच्या बालकाला दिवसाकाठी सुमारे १ लिटर द्रव लागतो. तो पोटात न गेल्यास शरीर शुष्क होते व अखेर नाकातून नळी घालण्याची वेळ येते.

असे मूल हट्टी नसते. बहुधा ते भ्यालेले असते. कधी घोट घशात अडकलेला असतो, कधी जठरातील आम्लाने जळजळ झालेली असते, तर कधी दीर्घकाळ नळीनेच पोषण झालेले असते. पेला समोर येताच ते ओठ मिटते, आक्रोश करते. पेला दूर होतो आणि नकाराने सुटका होते, हा धडा पक्का होतो. मूळ व्याधी बरी झाली तरी धडा उरतोच.

वर्तनोपचार हा धडा पुसतो. प्रथम ओठांना केवळ रिकामा चमचा, मग काही थेंब, मग अर्धा चमचा आणि पुढे पेला. प्रत्येक पायरीला तत्काळ शाबासकी अथवा आवडते खेळणे मिळते आणि प्रत्येक मिलिलिटरची नोंद होते. अर्थात, गिळण्याची क्रिया निर्धोक आहे की नाही याची वैद्यकीय तपासणी आधी झालीच पाहिजे.

नकारानंतरही चमचा ओठांपाशी धरून ठेवण्याच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांतही मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. चिकाटी व जबरदस्ती यांतील सीमारेषा पुसट असते. म्हणूनच हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण राजकारणात खरी असेल. बालकाच्या बाबतीत मात्र त्याच क्षणी द्रव श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो आणि भीती दुणावते ती वेगळीच.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे आणि तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ एकत्र असावेत, अशी अपेक्षा आहे. या उपचारास याहून योग्य जागा कोणती? ती पदे भरावीत व तेथील मंडळींना हे प्रशिक्षण द्यावे. तोवर निदान आईला दोष देणे तरी आपण थांबवावे.