बरोबर उत्तर: डेव्हलपर्स

प्रश्न असा असतो: डेली स्क्रम कोणासाठी आहे? खाली चार पर्याय. स्क्रम मास्टर, प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर्स, की वरील सर्व. बरोबर उत्तर डेव्हलपर्स. वेळ पंधरा मिनिटं, आणि ती काही मॅनेजरला स्टेटस द्यायची मीटिंग नव्हे, असंही गाईडच्या एकूण सुरावरून स्पष्ट कळतं.

आता आमच्याकडे सोमवारी सकाळी दहाला हाच डेली स्क्रम कसा होतो ते ऐका. कॉल मॅनेजर लावतो. एक्सेल शीट त्याच्या स्क्रीनवर उघडी. क्लायंटकडचे दोघं म्यूटवर. मग एकेकाचं नाव पुकारलं जातं, शाळेतल्या हजेरीसारखं, आणि ज्याने त्याने म्हणायचं: काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. पाऊण तास. ही तीन प्रश्नांची आरती स्क्रम गाईडमधून नोव्हेंबर २०२० मध्येच काढून टाकलेली आहे. पण कॉलवर हे सांगणार कोण? मी तर नाही बुवा, माझं अप्रेजल एप्रिलमध्ये आहे.

तर मंडळी, सध्या मी सर्टिफिकेशनची तयारी करतोय. गेले तीन वीकएंड त्यातच गेले. आणि जसजसा अभ्यास होतोय तसतशी चिडचिड वाढतेय, कारण परीक्षेत ऑफिससारखं उत्तर दिलं तर नापास, आणि ऑफिसात परीक्षेसारखं वागलं तर अप्रेजलला नापास!

अजून एक घ्या. स्प्रिंट रद्द करायचा अधिकार कोणाला? फक्त प्रॉडक्ट ओनरला. आमचा स्प्रिंट गुरुवारी रात्री साडेअकराच्या एका ईमेलने रद्द होतो, आणि तो पाठवणाऱ्या साहेबांचं नाव स्क्रम टीमच्या यादीत कुठेही नसतं. डॅशबोर्डवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय, तर व्हेलॉसिटी. २०२० च्या गाईडमध्ये हा शब्द शोधून दाखवा. स्टोरी पॉइंटसुद्धा शोधा हवं तर. सापडायचे नाहीत. पण याच आकड्यावरून दोन टीम्सची तुलना होते आणि मग पुढच्या महिन्यात सगळे तीनाच्या जागी पाचाचा अंदाज देतात. झाली व्हेलॉसिटी वाढली!

मग कंपनीला हे सर्टिफिकेट हवंय कशाला? शिकण्यासाठी? छे. प्रपोजलमध्ये एक स्लाइड असते, 'आमच्याकडे इतके सर्टिफाइड लोक आहेत', आणि त्या 'इतके'मध्ये मी एक आकडा आहे. क्लायंटच्या टेंडरमध्ये अट असते म्हणून आमच्या एचआरच्या मेलमध्ये 'मँडेटरी' असतं. ज्याच्याकडे बॅज नाही त्याचा लीडच्या पोस्टसाठी विचारच होणार नाही, असं मला स्पष्ट सांगितलंय. फी मात्र आधी स्वतः भरायची, पास झालात तर क्लेम करा. आमच्या टीममध्ये एक बाई आहेत, अठरा वर्षांचा अनुभव. प्रॉडक्शन रात्री दोनला कोसळलं तर सगळे त्यांनाच फोन करतात. घरी दोन मुलं, शनिवारी-रविवारी क्लासला जायला वेळ नाही, म्हणून बॅज नाही. लीड होणार तो तीन वर्षं अनुभव असलेला आणि पन्नासपैकी सदतीस उत्तरं बरोबर दिलेला. इथे माझं डोकं फिरतं.

यातली खरी गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर सतरा जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं. त्यातलं पहिलंच मूल्य असं की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोठा. कागदी घोड्यांविरुद्धचं बंडच म्हणा ना. आणि त्या बंडाची आज प्रमाणपत्रं मिळतात! सीएसएम घ्यायचं तर मान्यताप्राप्त ट्रेनरचा क्लास सक्तीचा, मग पन्नास प्रश्न, एक तास. दर दोन वर्षांनी शंभर डॉलर भरून नूतनीकरण, रेशनकार्डालाही एवढ्या वेळा विचारत नाहीत. स्क्रमचे एक जनक केन श्वाबर २००९ मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडले. आणि बाहेर पडून त्यांनी काय केलं? दुसरी संस्था काढली आणि दुसरी परीक्षा. पीएसएम. ऐंशी प्रश्न, एक तास, ८५ टक्क्यांना पास. क्लासची सक्ती नाही आणि एकदा मिळालं की कायमचं, एवढं मात्र त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. मी तीच देतोय.

आमच्या फणसवाडीत, वेंकटेशाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "अरे, इंजिनियर झालास ना? आता कसली परीक्षा?"

"काकू, टीमने मिळून काम कसं करायचं याची."

"मग गेली सहा वर्षं करतोयस काय?"

काय सांगणार!

ट्रेनर मंडळींना मुंबईत आल्यावर डबेवाल्यांची स्लाइड दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. 'सिक्स सिग्मा सर्टिफाइड' असं खाली लाल अक्षरांत. हे धादांत खोटं आहे. १९९८ साली फोर्ब्स मासिकात त्यांच्यावर लेख आला, तेव्हापासून ही दंतकथा फिरतेय. लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेच नंतर सांगितलं की फोर्ब्सने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही, आपण तो शब्दही वापरला नव्हता. १८९० पासून डबे पोचत होते, झाकणावरच्या खुणा वाचून, चर्चगेटला गाडी थांबते तेवढ्या वेळात. पण आपल्याला ते काम पुरेसं वाटत नाही. त्यावर कोणाचा तरी शिक्का हवा, नसला तर आपणच मारून टाकतो.

मित्र म्हणतात, एवढा काय तापतोस, निदान सगळ्यांची भाषा तरी एक होते. मान्य. गाईड खरोखर चांगलं आहे. तेरा-चौदा पानं, नेटवर फुकट. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात मेट्रो आली, गिरगाव ते बीकेसी जाता-येता माझं एकदा वाचून झालंसुद्धा. माझं भांडण त्या पानांशी नाहीच. ती पानं ज्याने वाचायला हवीत तो वाचत नाही, याच्याशी आहे. डेली स्क्रमचा स्टेटस कॉल डेव्हलपर करत नाही. स्प्रिंट मध्येच डेव्हलपर मोडत नाही. मग परीक्षा डेव्हलपरनेच का द्यायची? आधी मॅनेजरने द्यावी, डिलिव्हरी हेडने द्यावी, प्रपोजलमध्ये ती स्लाइड घालणाऱ्या सेल्सवाल्याने तर दोनदा द्यावी. त्यांचे ८५ टक्के आले की आमची फी आम्ही आनंदाने भरू.

तोपर्यंत ज्यांना द्यावीच लागणार आहे त्यांच्यासाठी: क्लासवर पैसे उडवू नका. गाईड तीनदा वाचा, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. 'स्क्रम ओपन' नावाची फुकट चाचणी आहे, तीस प्रश्नांची, ती लागोपाठ शंभर टक्के येईपर्यंत सोडवा. ऑफिसात काय होतं ते तासाभरासाठी पूर्ण विसरा. पेपरात 'वरील सर्व' दिसलं की हात आवरा.

माझा पेपर पुढच्या शनिवारी सकाळी, घरूनच. पीएमआयच्या एसीपीबद्दल नंतर कधीतरी लिहीन. एकशेवीस प्रश्न, तीन तास, तो वेगळाच तमाशा आहे.