हसू नका, बोलू द्या

२००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. तरीही दहावीचं पोर इंग्रजीत पत्ता सांगताना अडखळतं. कारण सरळ आहे: आपण त्याला उत्तरं लिहायला शिकवतो, बोलायला समोर माणूसच देत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्यांच्या क्यूआर कोडवाल्या पुस्तकांचं कौतुक फार झालं. मला मात्र त्यांनी व्हिडिओ कॉलवरून मुलांची परदेशातल्या वर्गांशी घालून दिलेली गाठ जास्त मोलाची वाटते. पलीकडून कुणीतरी खरोखर ऐकतंय म्हटल्यावर चुकतमाकत का होईना, तोंड उघडतं. लहानग्यांना गाणी-गोष्टी पुरतात, ती बिनधास्त बडबडतात. अडचण आठवी-नववीची. त्या वयात व्याकरणापेक्षा मागच्या बाकावरचं हसू जास्त छळतं. अशा मुलाला क्रियापदाचा तक्ता घोकायला लावण्यापेक्षा टीव्हीचा आवाज बंद करून कालच्या सामन्याचं इंग्रजीत समालोचन करायला सांगा. काळ चुकतील, चुकू देत, षटक संपेपर्यंत टोकायचं नाही. (मास्तरांना हेच सगळ्यात जड जातं.)